मशीनचं आयुष्य

बऱ्हाणपूर,
१६ जून

प्रिय मनीषा,

रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी ‘हॅलो, हॅलो, आवाज कटतोय’ म्हणत फोन ठेवून दिला. आवाज नीट येत होता. तुझ्यामागे कुकरची शिट्टी झाली, तीसुद्धा मला ऐकू आली. पण तू जे विचारलंस त्याला काय उत्तर द्यावं ते सुचेना. तेव्हापासून मोबाइलवर लिहायला घेते, दोन ओळी लिहिते आणि पुसून टाकते. तिकडे तुला दिसत असेल की हिमानी काहीतरी लिहितेय, आणि येत मात्र काहीच नसेल. म्हणून आज कागदच घेतला. आधी एक सांगते, कुणाच्या जिवाला काही झालेलं नाही, तेव्हा घाबरू नकोस. पण बसून वाच, आणि प्रशांत घरी असताना वाचलंस तर बरं.

इकडचं म्हणशील तर मागच्या आठवड्यात वादळ आलं आणि शाहपूरकडच्या केळीच्या बागा रांगाच्या रांगा आडव्या झाल्या. घड धरलेली झाडं तशीच पडलीत. दीपकचं दुकान ठीक चाललंय. मी आता रोज शाहपूरच्या कारखान्यात जात नाही. नंदूमामांनी इतवाऱ्यात पॅकिंगचं छोटं ऑफिस उघडलंय, तिथे बसते. घरापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. पंखा आहे, टेबल आहे, काचेच्या दारावर माझं नाव आहे. तुला मी दिवाळीनंतर त्याचा फोटो पाठवला होता आणि तू लिहिलं होतंस, ‘मॅडम झालीस की!’ त्या टेबलापर्यंत मी कशी आले ते तुला सांगितलं नव्हतं.

मामांचा कारखाना तुला मी काय सांगू? आपण दोघी तिथेच वाढलो. शाळा सुटली की दप्तरं घेऊन थेट तिकडे. तुझी आई आणि बाकीच्या बाया पाटावर बसून कच्ची केळी सोलायच्या, आणि आपण तुटक्या वेफर्सच्या टोपलीपाशी. माझी आई अंथरुणाला खिळली त्या दोन वर्षांत माझ्या वेण्या कोण घालायचं? तुझी आई, माझी रंभामावशीच. हाताला केळीचा चीक लागलेला, तो केसांना लागू नये म्हणून आधी राखेने हात घासायची, मग तेल लावायची, मग माझी वेणी. घट्ट घालायची, डोळ्यात पाणी यायचं. तुझी वेणी माझ्यानंतर व्हायची म्हणून तू रुसायचीस. तुझं नर्सिंगचं शिक्षण त्याच कामावर झालं, हे मला तुझ्याइतकंच माहीत आहे. ऐनवेळी माहीत असलेलं आठवत नाही, एवढंच.

गेल्या वर्षी श्रावणात मामांनी मला बोलावलं. जळगावहून एक अक्षय नावाचा मुलगा आला होता, मशीन विकणाऱ्यांचा माणूस. केळी सोलणारी, कापणारी आणि तळून तेल निथळणारी अशी सगळी एकच लाइन. किंमत बारा लाख. मामांना ती फार आवडली होती, पण पैसा घालायचा म्हटलं की ते दहा जणांना विचारतात. मला म्हणाले, “देख हिमानी, तू एम.कॉम. केलंस, एवढी फी भरली तुझ्या बापाने. मला एवढंच सांग, याच्यात पैसा टाकला तर सुटतो किती? पंधरा टक्क्यांच्या खाली असेल तर मला नको. मग तो पैसा केळीच्या व्यापारातच फिरू दे.” मनीषा, आठ वर्षं मी त्यांची बिलं आणि जीएसटी भरत होते, पण माझं शिक्षण त्यांनी पहिल्यांदा मागितलं. मी घरी आले ती तरंगतच. दीपकला म्हणाले, आज स्वयंपाक तू कर, मला हिशोब करायचा आहे.

तो हिशोब तुला समजावून सांगते, कारण तो समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. अवघड नाहीये. आम्हाला कॉलेजात त्याला अकाउंटिंग रेट ऑफ रिटर्न म्हणून शिकवलं होतं. मशीनमुळे वर्षाला सरासरी नफा किती वाढेल ते काढायचं, आणि मशीनमध्ये सरासरी किती पैसा अडकून राहील त्याने भागायचं. बारा लाखांची मशीन, शेवटी भंगारात दोन लाख येतील, म्हणजे सरासरी सात लाख अडकले. आता नफा. कारखान्यात बारा बाया होत्या. मशीनवर केळी टाकायला दोघी पुरतात. दहा बायांची मजुरी वाचते, वर्षाचे पाच लाख. त्यातून वीज, देखभाल आणि मशीन चालवणाऱ्या माणसाचा पगार वजा केला की दोन लाख ऐंशी हजार उरतात. पण मशीन दरवर्षी झिजते, ती झीजही नफ्यातून वजा करावी लागते. पाच वर्षांत दहा लाखांची मशीन झिजली तर वर्षाला दोन लाख. म्हणजे हातात राहिले ऐंशी हजार. सात लाखांवर ऐंशी हजार, साडेअकरा टक्केसुद्धा नाहीत.

पाच वर्षं मी उगाच धरली नव्हती. आधीची काप करायची छोटी मशीन आठवते तुला? चिकाने तिची पाती खाल्ली आणि पाचव्या वर्षी ती अंगणात कोंबड्या बसायला ठेवली. मला ते माहीत होतं, मामांनाही माहीत होतं. तेव्हा खरा हिशोब हाच होता आणि त्याचं उत्तर ‘नको’ असं होतं.

दुसऱ्या दिवशी मी ते मामांना तोंडी सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, “म्हणजे नाही जमत? मी तर मनात इतवाऱ्यातलं दुकानपण बघून ठेवलं होतं. मशीन आली की माल वाढला असता, तुला तिथेच बसवणार होतो. रोजचं शाहपूरचं जाणं-येणं संपलं असतं तुझं.” मग तेच म्हणाले, “एक बार और देख ले ना. तो अक्षय तर सांगत होता, आठ वर्षं आरामात चालते.” यापेक्षा जास्त ते काही बोलले नाहीत. त्यांच्यावर टाकून मला मोकळं व्हायचं नाही. त्यांनी मला खोटं लिहायला सांगितलं नव्हतं.

तो सगळा दिवस मी घुटमळत होते. बसमध्ये उभी राहून घरी आले, उकाड्याने डोकं दुखत होतं, आणि मनात सारखं ते इतवाऱ्यातलं टेबल दिसत होतं. घरी आल्यावर पाचाच्या जागी आठ लिहिलं. बाकी एक आकडा बदलला नाही. झीज दोन लाखांची सव्वा लाख झाली, नफा ऐंशी हजारांचा दीड लाखाच्या वर गेला आणि परतावा बावीस टक्के आला. एका आकड्याने! मला तेव्हा वाईटसुद्धा वाटलं नाही. विकणारा म्हणतोय आठ, मग आपण कशाला कमी धरायची, अशी मी माझी समजूत घातली. दुसऱ्या दिवशी कागद दाखवला तेव्हा मामा तर खूश होऊन उठलेच. माझ्या डोक्यावर हात ठेवून मामीला हाक मारली आणि म्हणाले, “पाहा, बावीस टक्के काढून दिले पोरीने!”

आणि मनीषा, सगळ्यात वाईट गोष्ट ही की ‘दहा बायांची मजुरी’ असं लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर एकही बाई आली नाही. मला वाटलं होतं, मावशी जुनी आहे, ती त्या दोघींत राहीलच, मामा तिला थोडेच काढतील. निदान तसं वाटलं होतं, असं मी स्वतःला सांगते. तेव्हा तेवढंही वाटलं होतं का, याची आता खात्री नाही.

दिवाळीनंतर मशीन आली. मामांनी कोणत्या दोघी ठेवायच्या ते मला विचारलं, आणि अक्षयने सांगितलं होतं की दिवसभर उभं राहून केळीचे भरलेले केरेट उचलावे लागतील, तरुण बाया बघा. मी शांताचं आणि तिच्या जावेचं नाव दिलं. तुझी आई छप्पन्न वर्षांची. तिचे गुडघे मला ठाऊक होते.

हो. मनीषा, रंभामावशी नोव्हेंबरपासून कारखान्यात नाही.

इथे थोडं थांब, पाणी पी, मग पुढे वाच.

सगळ्या बायांना मामांनी पंधरा दिवसांची मजुरी आणि एकेक साडी दिली. काही रडल्या, एकीने मामांना चार शब्द सुनावले. मावशीने मजुरीचे पैसे कनवटीला लावले. साडी पिशवीत घातली आणि मला म्हणाली, “माह्या जागी काय आणलं ते दाखव तरी.” मी तिला मशीनपाशी नेलं. ती पदर तोंडाशी धरून बराच वेळ बघत उभी होती. मग म्हणाली, “चांगली आहे. हिला चहा नाही लागत.” आणि हसली. मीही हसले. तिला वाटलं असेल, आकडे मामांच्या घरातले, निर्णय मामांचा, ही पोर बिचारी काय करणार. निघताना तिने माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मी तिला काही सांगितलं नाही. इतवाऱ्यात पाटी लागायची होती, त्या गडबडीत होते.

तिने तुला कळवलं नाही हे मला पुढे कळलं. मी आपली समजूत करून घेतली होती की माय-लेकींचं बोलणं झालं असेल, आणि तू मला त्यावरून काही बोलत नाहीस हा तुझा चांगुलपणा. मे महिन्यात दीपकच्या मित्राच्या बहिणीचं लग्न होतं, इथेच बऱ्हाणपुरात, एका मॅरेज गार्डनमध्ये. जेवण झालं, बेसिनपाशी गर्दी होती, म्हणून हात धुवायला मी मागच्या बाजूला गेले, जिथे आचाऱ्याची भांडी पडतात तिकडे. चार-पाच बाया बसून पातेली घासत होत्या. त्यातल्या एकीने मला बघून मान फिरवली. पाठीवरून ओळखलं मी तिला. “मावशी,” म्हटलं, तरी ती वळेना. पातेल्यातच हात घालून घासत राहिली. शेजारची बाई म्हणाली, “अवं रंभाबाई, तुले हाक मारून राहिली ना ती.” तेव्हा उठली. हात पाठीमागे घेतले आणि माझी साडी छान आहे म्हणाली. किती रुपयांना घेतली, कुठून घेतली, असं विचारत राहिली.

मी तिचे हात ओढून पुढे घेतले. मनीषा, तू नर्स आहेस, तुला वर्णन करून सांगायला नको. सोड्याने बोटांमधली कातडी गेली होती, तळव्याला चिरा पडल्या होत्या, आणि डाव्या अंगठ्याचं नख काळंनिळं होऊन सुटत आलं होतं. लग्नाचे दिवस असले की ती शाहपूरहून रोज टेम्पोने येते, आचाऱ्याच्याच टेम्पोने परत जाते. लग्नं नसली की केळीच्या बागेत पाला काढायला. मी म्हटलं, मनीषाला कळवते. तर माझं मनगट धरलं तिने, त्या तसल्या हाताने. म्हणाली, “मनीषाले सांगजो नको. सातवा महिना आहे तिचा. माझी आन आहे तुले.” मी म्हटलं, पैसे तरी घे माझ्याकडून. तर म्हणाली, “तू काहून देशीन? तुझ्याकडं काय माझं निघते?” तिने सहज विचारलं ते. मला मात्र तिथे उभं राहवेना. मी शपथ मान्य केली आणि तिथून निघाले. दीपकला डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

त्यानंतर मी मामांकडे गेले. सगळं सांगितलं, पाच वर्षांचे आठ कसे केले तेही. मला वाटलं होतं ते चिडतील, मला टेबलावरून उठवतील. मनातून मला तेच हवं होतं बहुतेक. ते हसले. म्हणाले, “अरे पगली, तू पाच लिहिलं असतंस तरी मी घेतलीच असती मशीन. मन बसलं होतं माझं. तुला विचारलं ते मनाच्या समाधानासाठी.” ते खरं बोलले की मला बरं वाटावं म्हणून बोलले, हे मला अजून कळलेलं नाही. रोज वेगळं वाटतं. ज्या दिवशी खरं वाटतं त्या दिवशी जेवण जातं, पण तेव्हाही मला माझीच शंका येते, की मला सोयीचं आहे म्हणून तर खरं वाटत नाही ना? मशीन चालते आहे तशी. सहा महिन्यांत दोनदा पाती बदलावी लागली, चीक तिलाही खातोच आहे. पण माल दुप्पट निघतो आणि मामा समाधानी आहेत.

मी त्यांना म्हटलं, रंभामावशीला निदान इतवाऱ्यात पाकिटं भरायला घ्या, बसून काम आहे, तिला जमेल. मामांनी आधी मान हलवली. मग विचारलं, “घेऊ की. पण त्याच्यात आपल्याला सुटेल किती, तू काढलंस?” वाईट मनाने नाही विचारलं त्यांनी. मीच त्यांना ते विचारायची सवय लावली होती. मी काढलं नव्हतं, आणि काढलं असतं तरी काही येणार नव्हतं, कारण पाकिटं भरायला एक मुलगी आहे आणि ती पुरते. शेवटी म्हणाले, गणपतीत माल वाढला की बघू. मी इतकंही म्हणाले नाही की माझ्या पगारातून द्या. ते मला नंतर घरी आल्यावर सुचलं. सुचलं तरी परत जाऊन सांगितलं नाही, हेही लिहूनच टाकते.

त्यानंतर मी दोनदा शाहपूरला मावशीच्या घरी जाऊन आले. मलम नेलं, हातमोजे नेले. मोजे तिने फडताळात जपून ठेवलेत, घालत नाही, भांडं हातातून निसटतं म्हणते. फडताळात आणखी एक गाठोडं आहे. लाल कुंची, चार लंगोट, दुपटी, सगळं जुन्या मऊ साड्यांचं, हाताने शिवलेलं. शिवताना बोटांना चिंधी गुंडाळायची म्हणे, सुई चिरांत टोचू नये म्हणून. मला एकेक उलगडून दाखवलं. दुपट्यावर कुठे कुठे डाग आहेत, धुऊनही गेलेले नाहीत. म्हणाली, हे गाठोडं कुणाबरोबर तरी सुरतेला पाठवायचं आहे, कुणी जाणारं असलं तर सांग. मी विचारलं, तू स्वतःच का घेऊन जात नाहीस? लेकीचं पहिलं बाळंतपण आहे. तेव्हा ती हात पदराखाली घेऊन म्हणाली, “ती नर्स आहे माय. हात पाहूनच सारं ओळखीन. मग तिले बाळ होईन का ती माझ्या हातांची फिकीर करीन?”

रविवारी तू मला म्हणालीस, “हिमानी, तू ऑफिसात बसतेस, तुझं मामा ऐकतात. आईला दोन महिन्यांची रजा मिळवून दे ना. ती म्हणते मालक सोडत नाहीत. इतकी वर्षं राबली त्यांच्याकडे, मामा एवढे कठोर कधी झाले गं?” आणि मी म्हणाले, आवाज कटतोय. मनीषा, तिला अडवणारं कुणी नाही. मालक सोडत नाहीत हे ती तुझ्यासाठी रचून सांगते आहे, आणि ते तिला रचावं लागलं ते माझ्यामुळे. तिची शपथ मोडून हे लिहिते आहे, तिला माहीत नाही. तू फोन केलास की हातांचा विषय काढू नकोस, बाळंतपणाला ये एवढंच म्हण, आणि तू यायलाच हवंस असं रागावून म्हण, म्हणजे ती नाही म्हणणार नाही. पुढच्या शनिवारची दोन तिकिटं मी काढून ठेवली आहेत, बऱ्हाणपूर ते भुसावळ आणि पुढे सुरत. गुडघ्यांमुळे भुसावळ स्टेशनचा पूल तिला एकटीला चढवणार नाही, म्हणून सोबत मी आहे. तुझ्या दारापर्यंत येऊ, की सुरतेच्या स्टेशनावर तिला प्रशांतच्या हवाली करून तिथूनच मागे फिरू, तेवढं तू कळव. तू जे सांगशील तसं करेन.

अजून म्हणवून घेऊ दिलंस तर तुझीच,
हिमानी